आईच्या पायातली अळी

संध्याकाळी गेट उघडून मी स्कूटी आत घेतली की आई आतूनच विचारायची, "मेली का वं?"

"नाही मेली," मी हेल्मेट काढत म्हणायचे. "मजेत आहे."

"मजेत राहीन नाही तं काय. तुम्हीच पोसून राहिले तिले."

हे आमचं रोजचं. शेजारच्या भाभीला थोडंफार मराठी कळायला लागलं तेव्हा तिला वाटलं, आमच्या घरात कुणी म्हातारी सासू वगैरे अंथरुणाला खिळलीय आणि आम्ही दोघी तिच्या मरणावर टपून बसलोय. तिनं एक दिवस भिंतीवरून अगदी हळू आवाजात विचारलं, "कौन बीमार है दीदी?" मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही किड्याबद्दल बोलतो. त्यानंतर ती आमच्याकडे जरा जपूनच बघायला लागली.

अळी म्हणजे हत्तीपायाची. आईचा डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला, घोट्याजवळ कातडीच्या वळ्या पडलेल्या. चंद्रपूरकडच्या आमच्या गावात नाल्याच्या काठाला वस्ती होती आणि डासांना तोटा नव्हता. त्यातल्याच कुठल्यातरी डासांनी तिच्या अंगात अळीची पिल्लं सोडली, ती तिच्या लहानपणीच. माझा जन्म झाला तेव्हा घोटा जाड दिसायला लागला होता. मी शाळेत जायला लागले तोवर त्या पायात चप्पल जाईना. मग ती गावातल्या चांभाराकडून डाव्या चपलेचा पट्टा कापून घ्यायची आणि त्याला दोरी बांधायची. लग्नाकार्यात सगळ्यांच्या आधी जाऊन कोपऱ्यात बसायची आणि सगळे गेल्यावर उठायची. तिचा पाय दिसेल असा एकही फोटो आमच्याकडे नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, माह्या तं अंगापरीस पाय जड झाला, असं ती हसत म्हणायची, पण फक्त आमच्यासमोर.

बाबा गेल्यावर मी तिला इथं लखनौला घेऊन आले. जानकीपुरममध्ये आमचं घर आहे. नवऱ्याची नोकरी बँकेतली, तेव्हा त्याची बदली बरेलीला झाली होती आणि तो रविवारपुरता यायचा. मुलगी अकरावीत. ती इथंच जन्मली, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतून देते, आणि आजीला नानी म्हणते. असं आमचं तीन बायकांचं घर.

आणि मी काम करते ते ह्याच अळीवर. लोकांना ही गोष्ट फार आवडते. आईचा पाय बघून मुलगी शास्त्रज्ञ झाली! नोकरीच्या मुलाखतीत मी स्वतःच तसं सांगितलं होतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. खरं म्हणजे तेव्हा जागा ह्याच विभागात निघाली होती. मलेरियाच्या विभागात निघाली असती तर मी मलेरियावर आयुष्य काढलं असतं आणि आईला काही फरक पडला नसता.

आमचं काम थोडक्यात सांगते. ह्या अळीची पिल्लं मारायची औषधं आहेत. मोठी अळी मात्र चिवट, ती शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसते आणि पिल्लं सोडत राहते. तिला पुरतं मारेल असं औषध आम्ही शोधतो. पण मारायला आधी जिवंत अळी हातात हवी ना? आईच्या पायातली जी जात आहे ती माणसाशिवाय कुठंच जगत नाही. म्हणून आम्ही तिची चुलत बहीण पाळतो. ती प्रयोगशाळेतल्या उंदरांत राहते. उंदराचं रक्त डासांना पाजायचं, डासाच्या पोटात पिल्लं वाढू द्यायची, मग डास फोडून ती पिल्लं नव्या उंदरात सोडायची. ह्याला आम्ही सायकल म्हणतो. सायकल तुटली की सगळं संपलं, म्हणून दिवाळी असो की होळी, कुणाला तरी डासांना जेवू घालायला जावंच लागतं. ती बहुतेक मीच असते. डासांची जाळी गरम आणि दमट खोलीत ठेवतात, तिथं लखनौच्या जानेवारीतही घाम येतो. माझी मुलगी म्हणते, "मम्मी, आप मच्छरों की आया हो." खोटं काय आहे त्यात?

इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस बधिर होतो. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ती पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी वळवळताना बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आईच्या पायात हीच आहे, असं मनात आलं होतं. नंतर तसं येणं बंद झालं. अळी मेली की नोंद करायची, जगली तरी नोंद करायची. बाबा गेले तेव्हाही मी रडले नाही, तिकिटं आणि गॅसचं कनेक्शन बघत होते. नवरा एकदा म्हणाला, तुला काही होतच नाही का गं? मी म्हटलं, होत असेल, मला वेळ नाही बघायला.

आईचं तसं नव्हतं. ती त्या अळीशी भांडायची. रोज संध्याकाळी बाथरूममध्ये स्टुलावर बसून पाय धुवायची. हत्तीपायाला खरं तर एवढाच उपचार आहे. कोमट पाणी, साबण, प्रत्येक बोटाच्या मधली जागा मऊ फडक्यानं पुसून कोरडी करायची, चिरा पडल्या असतील तिथं मलम लावायचं. नाही केलं तर चिरांतून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लालबुंद होतो आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जाड होतो. त्या पायाला गरमसुद्धा नीट कळायचं नाही, म्हणून ती पाण्यात आधी हात घालून बघायची. आणि मग सुरू व्हायची. "मर मेले. तुले पटकी येवो. तुही माती होवो. माह्या अंगात राहून मलेच खाते, लाज नाही वाटत भवाने?" पाण्याचा आवाज आणि शिव्या, दोन्ही दार बंद असलं तरी स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी कणीक मळत ऐकायचे. मुलगी तिच्या खोलीतून ओरडायची, "नानी, वॉल्यूम!"

तिला पाय बारीक होण्याची फार आशा होती असं नाही. निदान तोंडानं तरी ती तसं म्हणायची नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की मी मरायच्या आधी ती मेलेली मला कळली पाहिजे. "माह्यासंग तिले सरणावर नेणार नाही मी," असं तिनं मला आल्या आल्या सांगितलं होतं. आणि लेकच त्या कामात असल्यामुळे ही गोष्ट तिला अगदी हाताशी आलेली वाटायची.

इथं दर वर्षी फायलेरियाच्या गोळ्यांची मोहीम असते. आशा कार्यकर्ती दारोदार फिरते, समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावते, एका गोळीसाठी उंची मोजायची काठीही तिच्याजवळ असते. आजार असो नसो, सगळ्यांनी घ्यायच्या. कारण अळी अंगात असली तरी वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, पाय सुजतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. कॉलनीतले लोक म्हणायचे, "हमें क्या हुआ है जो खाएँ?" काही जण हातात घ्यायचे, नंतर खाऊ म्हणायचे आणि मनीप्लांटच्या कुंडीत पुरायचे. आमच्या गेटवर मात्र ती बाई थांबायचीच नाही. लांबूनच हात करायची, "मैडम तो उसी लाइन में हैं, इन्होंने तो खा ही ली होगी," आणि खडूनं खूण करून पुढं जायची. मी ऑफिसच्या घाईत असायचे. मी पण हात करायचे.

आणि मी घेतल्या नव्हत्या. मुलीला दिल्या नव्हत्या. आमच्या लॅबमधलं कुणीच घेत नाही म्हटलं तरी चालेल. विचाराल तर हसतील. दिवसभर अळी बशीत बघणाऱ्याला वाटायला लागतं की अळी बशीतच असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग त्या पावसाळ्यात आमच्या एका कंपाउंडनं, म्हणजे पुढं औषध होऊ शकेल अशा रसायनानं, उंदरांतल्या मोठ्या अळ्या मारल्या. एकदोन नाही, उघडलेल्या प्रत्येक उंदरात त्या मेलेल्या सापडल्या, काही तर विरघळायला लागलेल्या. आमचे सर एरवी तोंडातून चांगला शब्द काढत नाहीत, त्यांनी सगळ्यांसाठी खस्ता कचोरी आणि जलेबी मागवली. मला आनंद झाला असावा. जलेबी खाल्ल्याचं आठवतं.

संध्याकाळी आईनं विचारलं, "मेली का वं?"

मी म्हटलं, "मेल्या, आई. सगळ्या मेल्या."

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात ओले होते. "खरंच?"

"उंदरांतल्या गं. औषध अजून फार लांब आहे. आधी कुत्र्यांवर, मग माणसांवर, वर्षं जातात त्यात." मी सगळं नीट सांगितलं. सांगितलं म्हणजे पंखा लावला, सोफ्यावर पडले आणि डोळे मिटून सांगितलं. आई "हाव, हाव" करत होती. तिनं ऐकलं ते पहिलंच वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून बाथरूममधून शिव्या ऐकू येईनाशा झाल्या. मला वाटलं, खुशीत आहे. पाण्याचा आवाज थोडाच वेळ यायचा, तेही मला चांगलंच वाटलं, टाकी लवकर रिकामी होत नव्हती. एका रविवारी ती नातीला घेऊन अमीनाबादच्या बाजारात गेली आणि येताना खोक्यात चपला घेऊन आली. तपकिरी, सोनेरी बक्कल, दोन्ही पायांचं माप एकच. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आई, हे काय?"

"राहू दे," ती म्हणाली. "लागतीन." आणि खोकं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

मी जेवायची ताटं घेतली. 

दसऱ्याच्या आसपास तिला थंडी वाजून ताप आला. पाय गुडघ्यापर्यंत लाल, हात लावला तर तव्यासारखा. मी साडी वर करून बोटांच्या मधे बघितलं आणि कळलं. चिरा पडल्या होत्या, मधली कातडी पांढरी आणि ओली, वास येत होता. किती दिवस तिनं पाय धुतलाच नव्हता, नुसतं पाणी ओतून उठत होती.

"काहून वं आई?" मी विचारलं. रागात असले की माझ्या तोंडून आमच्याकडची बोली निघते. "काहून नाही धुतला?"

"मरणारच आहे ते, तं कायले घासू?" ती कुडकुडत म्हणाली. "लय वर्षं घासला. कंटाळा आला मले."

मी खूप ओरडले. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतलास, म्हटलं. मग रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. सुईतून औषध सुरू झालं, दोनतीन दिवसांत ताप उतरला. तिथली डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीहून थोडी मोठी पोर, पण हात चांगला होता तिचा. आईनं तिचा तो हातच धरला. "मेरे को एक बात बताओ बाई. अंदर वो कीड़ा ज़िंदा है कि मर गया? देखो ना तुम. मेरी लड़की तो उंदरों का देखती है."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. निदान जवळजवळ माहीत होतं. इतक्या जुन्या पायात बहुतेक वेळा अळी नसतेच. ती आपलं आयुष्य जगून कधीच मरून गेलेली असते. पण तोवर तिनं पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या खराब करून ठेवलेल्या असतात आणि त्या पुन्हा नीट होत नाहीत. पाहुणा गेला तरी घर मोडलेलं ते मोडलेलंच. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्न काढते. आईला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण ती दुसरंच विचारायची.

डॉक्टरनं बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. ही तपासणी सोपी असते. मोठी अळी जिवंत असेल तर पट्टीवर दोन रेषा येतात, नसेल तर एकच. आम्ही तिघी पट्टीकडे बघत बसलो. शेजारच्या खाटेवरची बाईही मान लांब करून बघत होती. एकच रेष आली.

"अम्मा, कोई कीड़ा नहीं है," डॉक्टर म्हणाली. "मर चुका है."

"मर गया?" आई उठून बसली. "कल? दवाई से?"

"नहीं अम्मा. बहुत पहले. बरसों पहले."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं. ती खूप आधी मेली, आई. मी शाळेत असेन तेव्हा, किंवा कॉलेजात. आता आहे तो नुसता पाय. त्याच्यासाठी औषध नाही, आमचंसुद्धा नाही. तो धुवायचा, कोरडा ठेवायचा, एवढंच.

आई सलाइनच्या नळीकडे बघत होती. मग म्हणाली, "तं मंग इतके वर्षं मी शिव्या कोणाले देऊन राहिली होती?"

 मी खाली जाऊन चहा घेतला आणि बिस्किटाचा पुडा आणला. चहावाला म्हणाला, "मरीज़ कैसा है?" मी म्हटलं, ठीक है. मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं. बधिर झालेल्या हातावर कुणी हात ठेवावा तसं काहीतरी समजत होतं, लागत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं पुन्हा पाय धुवायला सुरुवात केली. नीट, जसा धुवायला हवा तसा. पण तोंडातून शब्द नाही. पाणी, फडकं, स्टूल सरकवल्याचा आवाज, बस. मी गेट उघडून आत आले की ती टीव्ही बघत असायची. मला काही विचारायची नाही. एकदोनदा मीच म्हटलं, आज डास बरेच मेले, हीटर बंद पडला होता. ती म्हणाली, "अस्सं." भाजी छान व्हायची, डब्यात पोळ्या मऊ असायच्या, घरात सगळं वेळेवर होत होतं. मुलगी मला म्हणाली, "मम्मी, नानी को कुछ बोलो ना. अच्छा नहीं लग रहा." मी म्हटलं, काय बोलू? तिला डॉक्टरनं सांगितलं ते खरं आहे. मुलगी म्हणाली, "यार मम्मी, आप ना…" आणि खोलीत निघून गेली.

थंडीत आमच्या कंपाउंडचंही कळलं. पुढच्या चाचण्यांत ते जनावरांच्या यकृताला झेपलं नाही. सरांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, चलो, अगला देखते हैं. मी घरी येऊन सांगितलं नाही. आईनं विचारलंच नाही तर सांगू कुणाला?

मग फेब्रुवारीत पुन्हा गोळ्यांची मोहीम आली. आदल्या दिवशी गल्लीतून रिक्षा फिरली, भोंग्यावरून सांगत गेली. आई ओट्याजवळ लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "हे गोळ्या कायच्या वं?"

"फायलेरियाच्या. ज्यांना अजून काही झालं नाही त्यांच्यासाठी."

"मले देल्ल्या होत्या का लहानपणी कोणी?"

"नाही. तेव्हा आपल्या गावात कुणी आलंच नव्हतं."

ती लसूण सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी शोधत बाहेर आले तर आई गेटमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि पेले. डावा पाय समोर वेताच्या मोड्यावर ठेवलेला आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. मी जागीच थांबले. घरातल्या घरातसुद्धा ती साडी घोट्याखाली ओढून बसायची. माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत तिचा पाय बघितलेला नाही. आणि ती भर रस्त्यावर, उन्हात, तो पाय मांडून बसली होती.

"आई, साडी," मी म्हटलं.

"राहू दे. जाय तू कामाले."

आशा बाई गल्लीच्या तोंडाशी आली आणि नेहमीप्रमाणे आमच्या गेटकडे हात करून खडू काढायला लागली. आई ओरडली, "ओ बाई! इधर आओ! ये घर में किसी ने नहीं खाया. मैडम ने भी नहीं खाया." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. समोरच्या घरातले मिलिटरीतून निवृत्त झालेले अंकल वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले होते. भाभी भिंतीपाशी. भाजीवाला भैया गाडा थांबवून बघत होता. आई त्या सगळ्यांना म्हणाली, "देखो अच्छे से. शरम मत करो, मैंने भी छोड़ दी. मेरे को किसी ने गोली नहीं दी थी, इसलिए ऐसा हुआ. तुमको घर पे ला के दे रहे, तो खाते काहे नहीं?"

अंकलनी खाल्ल्या. भाभीनं खाल्ल्या, आणि आत जाऊन मुलांना घेऊन आली. मीही काठीला टेकून उंची मोजून घेतली आणि तिथंच उभ्यानं गिळल्या. मुलगी शाळेच्या गणवेशात आली. "मुझे थोड़ी कुछ हुआ है, नानी," एवढं म्हणाली खरं, पण तो पाय बघत होती. तिनंही तो असा कधी बघितला नव्हता. गोळ्या खाऊन ती खाली बसली आणि आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला डासांना उशीर होत होता, मी निघाले.

संध्याकाळी घरी आले तर मुलगी पांघरूण घेऊन पडलेली. अंगात ताप, डोकं दुखतंय, दुपारी एकदा उलटी झालेली. आई तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होती, तिचा चेहरा उतरला होता. "माह्यामुळं झालं. मीच खायला लावल्या लेकराले."

मी मुलीच्या कपाळाला हात लावला आणि मला ते कळलं. ज्याच्या रक्तात काही नाही त्याला ह्या गोळ्यांचा सहसा असा त्रास होत नाही. हा ताप गोळीचा नसतो. रक्तातली पिल्लं एकदम मरायला लागतात, त्यांचा असतो. हेही मी शिकवते.

"तुझ्यामुळं नाही," मी आईला म्हटलं. "हिच्या अंगात ती होती."

"कोण?"

"तीच. तुझीच जात, इथल्या डासांतून आलेली. पिल्लं मरतायत म्हणून ताप आहे. उद्या उतरेल."

आई माझ्याकडे बघत राहिली. मुलगी पांघरुणातून म्हणाली, "क्या? मेरे अंदर?" आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी तिला त्याच डॉक्टरकडे नेलं आणि पट्टी केली. दोन रेषा आल्या, दोन्ही ठळक. डॉक्टर म्हणाली, चांगलं झालं मॅडम, वेळेवर कळलं, हिला औषधाचा पूर्ण कोर्स देऊ, पाय बीय काही होणार नाही. मी मान हलवली. सही करायच्या जागी मी आईचं नाव लिहिलं. मी अक्षराकडे बघत राहिले. माझंच होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. मोठी अळी अजून आहे, पण पिल्लं गेली. औषध घेत राहू, दर वर्षीच्या गोळ्या घेऊ, ती म्हातारी होईल आणि मरेल. पाय सुजायच्या आधी मरेल. आईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही "हाव" म्हणाली नाही. मग उठून बाथरूममध्ये गेली. बादली भरल्याचा आवाज आला, स्टूल सरकलं.

मी कणीक घेतली. पाण्याचा आवाज येत होता. मग आतून आवाज चढला.

"मर मेले! माह्यातून निघून माह्या नातीत जाऊन बसली? तुही माती होवो. तुले पटकी येवो. तुही हिंमत कशी झाली वं?"

मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती वॉल्यूम म्हणाली नाही. मी कणकेच्या हातानं तशीच खाली फरशीवर बसले आणि रडले. बाबांचंही त्यातच रडून घेतलं बहुधा, किती वेळ ते माहीत नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या.

सकाळी लॅबमध्ये गेले. गरम पेटीत ठेवलेली, उंदरांतून काढलेल्या अळ्यांची बशी घेऊन भिंगाखाली धरली. त्या पांढऱ्या, बारीक, नेहमीसारख्या वळवळत होत्या, एकही मंद नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं. "मर मेले," मी म्हटलं. "तुही माती होवो." पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग बशीतलं जुनं पाणी काढून ताजं घातलं, झाकण लावलं आणि जपून पेटीत परत ठेवली, कारण नवं कंपाउंड सोमवारी येणार होतं आणि तोवर त्या जगायला हव्या होत्या.